सारंगांचा खेकडा आणि समोरून येणारा नारायण

ज्याच्या स्मरणाने कार्यारंभीची विघ्ने आपोआप बाजूस होतात त्या गजाननास, आणि आमच्या गावाच्या पश्चिमेस अहोरात्र घुमणाऱ्या सागरावर ज्याची शय्या आहे त्या लक्ष्मीनारायणास वंदन करून हे चार शब्द लिहावयास बसलो आहे. निमित्त मंगल आहे. आमचे सारंग येत्या पौर्णिमेस वयाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण करीत आहेत. श्रीवर्धनास त्यांच्या कन्येच्या घरी शांतिकर्म व्हावयाचे आहे. त्याचे पौरोहित्य मजकडे आहे, आणि त्या दिवशी वाटावयाच्या पुस्तिकेत त्यांच्याविषयी मीच लिहावे असा कन्येचा आग्रह आहे. "गुरुजी, बाबांचं खरं खरं लिहा. नुसतं गोड लिहिलंत तर ते वाचायचेच नाहीत," असे तिने बजावले आहे. तेव्हा खरे लिहितो. तरीही गोड झाले तर तो दोष त्यांचा.

सारंग हे त्यांचे नाव नव्हे. लाँचच्या मुख्य चालकास आमच्या किनाऱ्यावर सारंग म्हणतात, आणि त्यांनी आगरदांड्याहून दिघीस माणसे पोहोचविण्यात सारे आयुष्य घालविले. निवृत्त होऊन काशीद आणि मुरूड यांच्या मधल्या आमच्या गावी ते परतले, तेव्हा दर्या सुटला. सारंगपण सुटले नाही. जमिनीवर ते पाहुण्यासारखे वावरत. घड्याळ हातात असे, पण वेळ विचारली तर उत्तर भरती-ओहोटीत मिळे. "सत्यनारायण किती वाजता ठेवू?" असे मी एकदा विचारले, तर म्हणाले, "ठेवा की पाणी अर्ध्यावर उतरल्यावर." मी पंचांग पाहणारा मनुष्य, मला त्यातही एक शिस्त दिसली आणि पाणी अर्ध्यावर उतरल्यावर मी कलश मांडला.

आता त्या वाहनाकडे वळतो, कारण त्यावाचून सारंगांचे चित्र पुरे होणार नाही. मुंबईच्या एका गृहस्थांचे वडील आमच्या किनाऱ्यावर बुडता बुडता वाचले होते. त्या उपकाराची आठवण म्हणून त्यांनी ग्रामपंचायतीस एक चार चाकांचे उघडे वाहन दिले. पुढे घोड्यावर बसावे तशी दोघांची बैठक, हातात मोटारसायकलीसारखी मूठ, मागे एक मनुष्य आडवा होईल आणि एक त्याच्याशेजारी बसेल एवढी फळी, आणि चाके अशी फुगीर की वाळू, चिखल, दगड, ओढा यांतला भेद त्यांना कळू नये. पर्यटकांस फिरविण्यासाठी अशी वाहने काशीदच्या वाळूवर पुष्कळ आहेत. आमचे मात्र बुडत्यास आणि पडत्यास वाचविण्यासाठी होते. गावाने त्याचे नाव खेकडा ठेविले. सारंग एकटेच त्यास होडी म्हणत. पुढच्या भागास नाळ आणि मुठीस सुकाणू.

ते चालवावे कोणी, हा प्रश्न पडला तेव्हा गावातील धडधाकट मंडळी दिवसा अलिबागेस किंवा कारखान्यात कामास असतात हे ध्यानी आले. दिवसा गावात उरतो ते आम्ही म्हातारे. सारंगांच्या मनगटात अजून लाँचचे बळ होते, म्हणून काम त्यांच्याकडे आले. रुग्णाची शुश्रूषा आरोग्यसेविका ताईंकडे. ताई म्हणजे चाळिशीची, तरतरीत, बोलण्यात कोणास हार न जाणारी बाई. आणि वाहनाचा भोंगा खाऱ्या वाऱ्याने महिन्याभरातच मौन धरून बसला, म्हणून देवळातील शंख घेऊन सारंगांच्या पाठीमागे मी. अशी आमची तीन जणांची सेना होती.

पहिल्याच दिवशी सारंगांनी मला नारिंगी जीवरक्षक जाकीट दिले. मी धोतर-उपरण्यावर, सकाळची पूजा नुकतीच आटोपलेली.

"अहो, आपण रस्त्याने चाललो आहोत," मी म्हणालो.

"व्हय."

"रस्त्यात बुडायचे कसे?"

"गुरुजी, मी दर्यात येक मानूस बुडू दिला न्हाय. रस्त्यावर किती बुडाली ती पेपरात वाचा. घाला."

मी घातले. पुढे त्यांनी ते प्रत्येक रुग्णासही घातले. ताप आलेला, पाय मोडलेला, पोट धरून कण्हणारा, सगळे नारिंगी. एकदा देवळासमोरून जाताना मी शंख फुंकीत होतो, मागे फळीवर नारिंगी जाकिटात पोलीस पाटील आडवे होते, आणि बाजूने एक पर्यटक हात जोडून विचारता झाला, "कसली यात्रा आहे?"

रुग्णाशी बोलण्याची त्यांची रीत निराळी होती. धीर देण्याचे शब्द त्यांना येत नसत. ते हवामान सांगत. सुपारीच्या बागेत एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना सुपारी पाडणारा एक पाडेकरी खाली आला आणि त्याचा पाय मोडला. सबंध वाटेत सारंग मागे न पाहता, एकाच सुरात त्याला सांगत होते, "वारा नैऋत्येचा हाय. भरतीला दोन तास हायेत. पाय बरा व्हनार. पावसाची सर काशीदच्या पलीकडं गेली." त्या मनुष्याने मला नंतर सांगितले, "गुरुजी, वारा खरा, भरती खरी, सर पण खरी. मग मधलं तेवढं खोटं कसं असेल?" त्याचा पाय खरोखर बरा झाला. अजून झाडे चढतो.

लाँचवर नोंदवही असे तशी त्यांनी खेकड्यासाठीही ठेविली. अक्षर बोटाएवढे मोठे. एक पान मला पाठ आहे: "वारा पश्चिम. दर्या मध्यम. पेशंट येक, पोटदुखी. सोबत बायको. बायकोचा आवाज मोठा. नाक्यावर पोचलो. बायको शांत." ताई म्हणत, "सारंग, दर्या मध्यम कशाला लिहिता? आपण भाताच्या शेतातनं आलो." ते म्हणत, "दर्या कुठं गेला नव्हता ना? तो होताच."

अशा मनुष्याच्या हातून एकच चूक झाली, पण ती अशी होती की आयुष्यभर पाण्यावर राहिलेल्याच्याच हातून व्हावी.

समुद्रावर दोन नौका समोरासमोर आल्या तर प्रत्येकीने आपल्या उजव्या हातास वळावे, असा नियम आहे. आपल्याकडे रस्त्याचा नियम नेमका उलटा. ज्याने त्याने आपल्या डाव्या बाजूने जावे. सारंगांच्या बुद्धीला हे माहीत होते. हातांना माहीत नव्हते. एके दिवशी गावाच्या वळणावर मासळीसाठी बर्फ नेणारा टेम्पो समोरून आला. सारंगांनी निःशंकपणे मूठ उजवीकडे वळविली. टेम्पोवाला त्याच्या डावीकडे आला. दोघे नाकास नाक लावून थांबले.

"ओ काका! डावीकडं घ्या ना!" टेम्पोवाला ओरडला.

"तू तुज्या उजवीकडं जा!"

"मी काय म्हणून? रस्ता काय तुमचा हाय?"

"रस्ता कुनाचा नस्तो, कायदा असतो. चाळीस वर्सं मी त्या कायद्यानं चाललोय!"

"कुठल्या रस्त्यावर?"

"दिघीच्या खाडीत!"

टेम्पोवाल्याने कपाळाला हात लावला. बर्फाचे पाणी रस्त्यावरून वाहू लागले. कोणा पर्यटकाने सारे मोबाईलवर टिपले, आणि आठवड्याभरात तालुक्याहून पत्र आले. हे वाहन वाळूपुरते आहे. सार्वजनिक रस्त्यावर ते आणीबाणीच्या प्रसंगीही आणावयाचे असेल तर चालकाची प्रत्यक्ष परीक्षा होईल. परीक्षेत एकदा जरी उलट्या बाजूस गेला तर परवानगी नाही, आणि तोवर खेकडा वाळूवरच राहील.

पत्र न्याय्य होते. पण त्याचा भार कोठे पडला हे सांगावयास हवे. आमच्या गावाच्या वर, डोंगराच्या अंगास भातशेती करणाऱ्यांची एक वाडी आहे. तिच्या रस्त्यावरील ओढ्याची मोरी, म्हणजे लहान पूल, मागच्या पावसात वाहून गेली होती. ओढ्यापाशी वळावयास जागा नसल्याने रुग्णवाहिका खाली नाक्यावरच थांबे. पूर्वी वाडीचे लोक बांबूला घोंगडी बांधून रुग्णास झोळीत खाली आणीत. एका सर्पदंश झालेल्यास असे आणले तेव्हा तो जेमतेम वाचला. खेकडा ओढा ओलांडी, म्हणून सारी वाडी त्याच्या भरवशावर होती. आणि त्या श्रावणात वाडीतील एका सुनेचे दिवस भरत आले होते. पहिलटकरीण, त्यात बाळ आडवे असल्याचे ताईंनी तपासून सांगितले होते. घरी बाळंतपण करणे शक्य नव्हते. तिला झोळीत हिंदकळवीत आणणेही शक्य नव्हते. आणि माहेरास किंवा खाली कोणाकडे आधीच नेऊन ठेवावे तर ताई म्हणाल्या, आता हलवायचे ते रुग्णालयातच, आणि तेथे डॉक्टरांनी दिलेला दिवस अजून पंधरवड्यावर होता.

सुनेची सासू एक दिवसाआड डोंगर उतरून येई. सारंगांच्या ओटीवर पायरीवरच बसे.

"झाली का तुमची परीक्षा?"

"न्हाय गं बाय. साहेब शुक्रवारी येनार हायेत."

"सून थांबल का शुक्रवारपोत? तुमी काय शाळेतलं हाव का परीक्षा द्यायला? येवडं म्हातारं झालांव, अन डावं-उजवं कळंना?"

सारंगांनी मान खाली घातली. सायंकाळी ते देवळात आले आणि सभामंडपाच्या खांबाला टेकून म्हणाले, "गुरुजी, डोक्याला कळतंय. हाताला कळत न्हाय. समोर नाळ दिसली का हात आपसूक उजवीकडं जातो. ती पोर अडकली तर माज्या हातामुळं अडकनार."

मी त्यांना समजावू लागलो की सराव करा, मन एकाग्र करा. ते ऐकत होते, पण उपयोग होत नव्हता, कारण मी डोक्याशी बोलत होतो. तेवढ्यात कोळीवाड्यातील एक म्हातारी प्रदक्षिणा घालू लागली. ती चालत होती, तोंडाने शेजारणीची तक्रार करीत होती, डोळे अर्धे मिटलेले, तरी देव तिच्या उजव्या हातासच होता. हजारो प्रदक्षिणा घातलेल्या पायांना ते सांगावे लागत नव्हते.

"सारंग," मी म्हणालो, "देवाला प्रदक्षिणा कशी घालता?"

"उजवा घालून. देव उजव्या हाताला."

"विचार करावा लागतो?"

"त्यात कसला इचार?"

"मग समोरून येणारे प्रत्येक वाहन म्हणजे नारायण समजा. त्याला उजवे घाला. तो तुमच्या उजव्या हाताने निघून गेला की तुम्ही आपोआप रस्त्याच्या डाव्या बाजूस असता."

त्यांनी गाभाऱ्याकडे पाहिले. बोटाने हवेत एक रेघ ओढली, मग दुसरी. चेहरा उजळला, आणि लगेच शंका निघाली.

"पन गुरुजी, महादेवाला आर्धीच घालत्यात. पन्हाळीपाशी परतत्यात. समोर महादेव आला तर?"

"रस्त्यावरची सर्व वाहने वैष्णव समजावीत," मी निर्णय दिला.

दुसऱ्या सकाळपासून देवळाभोवती सराव सुरू झाला. सारंग माडाची झावळी मुठीसारखी दोन्ही हातांनी धरून प्रदक्षिणेच्या दिशेने चालत, आणि ताई टेम्पो होऊन उलट दिशेने येत. भोंग्याचा आवाज त्या तोंडाने काढीत आणि तो फार हुबेहूब निघे.

"पॉं पॉं! सारंग, मी बर्फाची गाडी हाय बरं का!"

"नारायण!" म्हणत सारंग डावीकडे होत, आणि ताई त्यांच्या आणि देवळाच्या भिंतीच्या मधून निघून जात.

"गुरुजी, तीन दिवस मला उलट्या प्रदक्षिणा घालायला लावताय. पाप कुणाला?"

"प्रायश्चित्त मी घेईन. आपण चालत राहा."

"मग आता मी ट्रक. ट्रक दोनदा वाजवतो!"

चौथ्या दिवशी गावातील लोक पाहावयास जमू लागले. कोणी सायकल घेऊन उलटा आला, कोणी डोक्यावर पाटी घेऊन. सारंग सर्वांस उजवे घालीत होते. घरी जातानाही पाणंदीत समोर म्हैस आली तर "नारायण" म्हणून डावीकडे होत. म्हैस प्रसन्न दिसे.

शुक्रवार उजाडला. पाऊस थांबला होता. साहेब मध्यम वयाचे, मितभाषी, हातात कागद लावलेली पाटी. त्यांनी वाहन चोहोबाजूंनी पाहिले, मागे रोवलेले लाल निशाण पाहिले, माझा शंख पाहिला.

"भोंगा कोठे आहे?"

"हा काय," मी शंख पुढे केला.

"नियमात ध्वनिसाधन असे लिहिले आहे," ते विचार करून म्हणाले. "वाजवून दाखवा."

मी वाजविला. नाक्यावरचे चहावाले बाहेर आले. साहेबांनी पाटीवर खूण केली.

सारंगांनी त्यांनाही नारिंगी जाकीट दिले. ते घालून साहेब फळीवर बसले, मी सारंगांच्या पाठीशी, ताई आपल्या स्कूटीवर मागे, आणि साहेबांची जीप सर्वांत शेवटी. नाक्यापासून गाव, गावापासून मोरीचा ओढा आणि परत, एवढी वाट ठरली होती.

बर्फाचा टेम्पो आला. तोच! सारंगांचे खांदे मला पाठीवरून कळत होते, ते ताठले. "नारायण," ते पुटपुटले आणि डावीकडून सुरेख निघाले. टेम्पोवाल्याने खिडकीतून दोन्ही हात जोडले, म्हणजे त्यानेच नियम मोडला असे म्हणावे लागेल. मग काशीदला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्यांची रांग आली. नारायण, नारायण, नारायण.

"ते काय म्हणताहेत?" साहेबांनी मागून विचारले.

"समोर येनाऱ्याला देव समजायचा, साहेब, अन उजव्या हाताला ठेवायचा," सारंगांनी पुढे पाहतच सांगितले.

साहेबांनी काही लिहिले नाही. पण मी मागे वळलो तेव्हा ते स्वतःशी हाताने तसेच करून पाहत होते.

ओढ्यापाशी पोहोचलो आणि ताईंचा फोन वाजला. वाडीतून सासू बोलत होती. एवढ्या मोठ्याने की आम्हा सर्वांस ऐकू आले. सुनेला कळा सुरू झाल्या होत्या, डॉक्टरांनी दिलेल्या दिवसाच्या आधीच.

सारंगांनी वाहन थांबविले. मला वाटले ते तडक निघतील. पण त्यांनी परवाना नसताना कधी धक्का सोडला नव्हता. ते खाली उतरले आणि साहेबांसमोर उभे राहिले.

"साहेब, माज्याकडं कागूद न्हाय. पोर वर हाय. हुकूम तुमचा."

साहेबांनी ओढ्याकडे पाहिले, आपल्या जीपकडे पाहिले. ती त्या दगडांत पाच हातही गेली नसती. मग पाटीवरचा कागद पाहिला. मी मनात नामस्मरण करीत होतो. सबंध आयुष्यात मला एवढा दीर्घ क्षण आठवत नाही.

"परीक्षा अजून संपलेली नाही," साहेब म्हणाले. "मी मार्ग वाढवतो आहे. पुढे चला."

ताईंनी स्कूटी झाडाखाली टाकली आणि फळीवर साहेबांच्या शेजारी उडी घेतली. खेकडा ओढ्यात उतरला. पाणी चाकांवर आले, दगडांवर वाहन कलले, साहेबांनी ताईंचा आणि ताईंनी फळीचा आधार घेतला, आणि आम्ही पलीकडे निघालो.

उतरताना सून फळीवर, ताई तिच्याजवळ, मी पुढे. साहेबांना जागा उरली नाही. ते सासूबरोबर चालत निघाले. उतारावर आम्ही पावलाच्या वेगानेच उतरत होतो, त्यामुळे मागचे सारे संभाषण कानी पडत होते.

"तुमीच का ते परीक्षावालं साहेब?"

"हो, आजी."

"लेकुरवाळं हाव का?"

"दोन मुली आहेत."

"त्या झाल्या तवा गाडी हुती का दारात?"

"होती."

"मग?"

साहेबांनी म्हातारीच्या हातातील गाठोडे आपल्याकडे घेतले.

सारंग मात्र सुनेला सांगत होते, "वारा पडलाय. आभाळ उघडतंय. तुजं बाळ नीट येनार. ओहोटी लागून तास झाला." ती कण्हता कण्हता म्हणाली, "मामा, ओहोटी राहूं द्या, हळू घ्या." त्यांनी हळू घेतले.

ओढा ओलांडल्यावर साहेब आणि सासू जीपमध्ये बसून मागे राहिले; सुनेला जीपमध्ये आडवे होता आले नसते, म्हणून ती फळीवरच राहिली. समुद्राकाठच्या रस्त्यास लागलो. रुग्णवाहिका नाक्यावर येऊन उभी होती. अंतर राहिले होते पाव कोसाचे. सुरूच्या बनाजवळच्या वळणावर मी शंख फुंकला, आणि त्याच वेळी एक मोठी पांढरी गाडी पुढच्या रिक्षाला मागे टाकण्यासाठी सबंध रस्ता व्यापून भरधाव समोर आली.

माझे हात सारंगांच्या कमरेस होते. त्यांचा उजवा खांदा हलला; मला स्पष्ट कळले. चाळीस वर्षांची ती जुनी हालचाल जागी होत होती. त्या बाजूला रिक्षा होती. तिकडे गेलो असतो तर आज मी हे लिहीत नसतो.

"नारायण!" सारंग मोठ्याने म्हणाले, आणि खांदा परतला. वाहन डावीकडे गेले, रस्ता सोडून गेले, सुरूच्या दोन झाडांमधून वाळूवर उतरले आणि थांबले. पांढरी गाडी आमच्या उजव्या हाताने, वीतभर अंतरावरून निघून गेली. दुसरे कोणतेही वाहन त्या वाळूत रुतले असते. खेकड्याला वाळू घरच्यासारखी.

मग फळीवरून ताई म्हणाल्या, "सारंग, हा देव लय घाईत होता."

"असूं दे," ते म्हणाले. "उजवा गेला ना? बास."

आणि त्या कळांमध्येही ती मुलगी हसली.

नाक्यावर तिला रुग्णवाहिकेत ठेवले, ताई सोबत गेल्या, आणि दुपारी रुग्णालयातून निरोप आला. शस्त्रक्रिया करावी लागली, पण मुलगी झाली आणि दोघी सुखरूप आहेत. सासूने साहेबांसमोर साखर ठेवली. त्यांनी अहवाल नाक्यावरील चहाच्या बाकड्यावर बसून लिहिला. त्यातील एक वाक्य मला त्यांनी वाचून दाखविले: "चालकाने समोरून आलेल्या एकाही वाहनास डावे घातले नाही." "हे कार्यालयात कोणाला कळेल का?" मी विचारले. ते म्हणाले, "न कळले तर मी प्रदक्षिणा घालून दाखवीन."

परवानगी आली. पुढची दोन वर्षे खेकडा त्या रस्त्याने धावला. लोकांना वाटे की सारंगांना आता धन्य वाटत असेल. पण त्यांची एक गोष्ट आम्हाला कळेना. काम नसेल त्या दिवशी ते फळीवर दगड भरून ओढ्यापाशी नेऊन टाकीत. वाडीच्या लोकांना गाठून म्हणत, "मोरी कवा बांधनार? अर्ज केलात का?" ग्रामसभेत उठून तोच प्रश्न. पंचायतीत जाऊन तोच प्रश्न. सरपंच त्यांना लांबून पाहून मागच्या दाराने जाऊ लागले. अखेर मोरी मंजूर झाली आणि बांधलीही गेली. भक्कम, रुंद, रुग्णवाहिका जाईल अशी.

त्यानंतर रस्त्यावरून आम्हाला बोलावणे येणे थांबले. खेकडा पुन्हा वाळूवर आला. एका सायंकाळी सारंग त्याची चाके धूत किनाऱ्यावर बसले होते. वाडीकडे जाणारी रुग्णवाहिका गावातून वर गेली. आमच्याकडे कोणी पाहिलेही नाही. मला थोडे वाईट वाटले. मी म्हणालो, "सारंग, एवढी खटपट करून परवानगी मिळविली, आणि तुम्हीच ते काम बंद पाडलेत. आता रस्त्यावर आपल्याला कोणी बोलावत नाही."

ते ओल्या हाताने कपाळ पुसून हसले.

"गुरुजी, ती पोर त्या दिवशी माज्या पाठी कन्हत हुती. तवा मी देवाकडं येकच मागितलं, पुढच्या पोरीला माजी गरज लागूं नको दे. देवानं दिलं. आता मी काय रुसून बसूं?"

मी आयुष्यभर संकल्प सांगत आलो. कामनेसह आणि कामनेवाचून. निष्काम कर्माचा अर्थ मी पुष्कळांना समजावून सांगितला आहे. त्या सायंकाळी तो मला एका ओल्या हाताच्या मनुष्याने वाळूवर बसून समजावला. मी उठून त्यांना नमस्कार केला. ते संकोचून बाजूला सरकले आणि म्हणाले, "आवो, मला कशाला? चला, पानी चढतंय."

वाचकहो, ज्या परमेश्वराने अशी माणसे आमच्या किनाऱ्यास दिली, तो आपल्या घरावरही आपली कृपादृष्टी ठेवो. आपल्या घरातील लेकीसुना सुखाने प्रसूत होवोत, वृद्धांची पावले स्थिर राहोत, कामास गेलेली माणसे दिवेलागणीस परत येवोत. आपल्या दारापर्यंतची वाट कधी न तुटो. आणि तुटलीच, तर ती सांधली जाईपर्यंत आपल्यासाठी धावून येणारा आणि सांधली गेल्यावर आनंदाने विसरला जाणारा कोणीतरी आपल्या गावात असो. शुभं भवतु.